रिंग बफरमध्ये रीडरची मोजणी का चुकते?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून कृष्णेच्या पाणीपातळीच्या नोंदी हाताळणारा प्रकल्प लिनक्सवर सी भाषेत करत आहे. एक प्रोसेस (रायटर) सेन्सरची नोंद शेअर्ड मेमरीतील, म्हणजे सर्व प्रोसेसना सामाईक असलेल्या मेमरीतील, ६४ स्लॉटच्या रिंग बफरमध्ये (शेवटच्या स्लॉटनंतर पुन्हा पहिल्यापासून भरल्या जाणाऱ्या जागेत) टाकते आणि तीन रीडर प्रोसेस ती वाचतात. पहिली प्रोसेस ती नोंद फाइलमध्ये साठवते, दुसरी पडद्यावर आलेख काढते आणि तिसरी, आयर्विन पुलाजवळचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला पोचले की संदेश पाठवते. प्रत्येक स्लॉटमध्ये ‘किती रीडर बाकी’ हा ३२ बिटांचा अनसाइन्ड (कधीच ऋण न होणारा) आकडा आहे. लिहिताना रायटर त्यात चालू रीडरची संख्या भरतो, प्रत्येक रीडर वाचून झाल्यावर त्यातून एक वजा करतो आणि आकडा शून्य होईपर्यंत रायटर तो स्लॉट पुन्हा वापरत नाही. तरीही काही तासांनी रायटर अडकतो. अडकलेल्या स्लॉटमध्ये कधी १ दिसतो, तर कधी ४२९४९६७२९५. त्या आकड्याला ‘व्होलाटाइल’ हा सी भाषेतला शब्द लावूनही फरक पडला नाही. काय चुकते आहे?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : हे दोन्ही आकडे आपण कळवलेत हे फार बरे झाले, कारण ते दोन निरनिराळ्या दोषांकडे बोट दाखवतात.

आधी १ पाहू. ‘एक वजा करा’ हे सी भाषेत एकच विधान असले, तरी आकडा वाचणे, त्यातून एक वजा करणे आणि उरलेला परत लिहिणे अशा तीन टप्प्यांत ते पार पडू शकते. दोन रीडरनी एकाच वेळी २ वाचला, तर दोघेही १ लिहितात आणि एक वजाबाकी हरवते. व्होलाटाइलमुळे कंपायलर मेमरीतील वाचन-लेखन गाळत नाही, एवढेच. ते तीन टप्पे त्यामुळे अखंड होत नाहीत. त्यासाठी २०११ च्या सी मानकात आलेले ॲटॉमिक (मध्येच न तुटणाऱ्या क्रियांचे) प्रकार आहेत किंवा म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे लॉक, आहे.

मात्र ॲटॉमिक वापरून दुसरा आकडा जाणार नाही. ४२९४९६७२९५ म्हणजे ३२ बिटांच्या अनसाइन्ड शून्यातून एक वजा केल्यावर येणारी संख्या. समजा, फाइल आणि संदेश हे दोनच रीडर चालू असताना रायटरने स्लॉटमध्ये २ भरले. मग आपण आलेखाचा प्रोग्रॅम सुरू केला, त्याने तोच जुना स्लॉट वाचून एक वजा केला आणि पाठोपाठ फाइलच्या रीडरनेही केला. आकडा शून्य झाला, पण संदेशाच्या रीडरने ती नोंद अजून पाहिलेलीच नाही. आता त्याने रायटरच्या आधी तो स्लॉट गाठला, तर तो शून्यातून एक वजा करतो आणि रायटर अडकतो. रायटर आधी पोचला, तर न वाचलेली नोंद मुकाट्याने पुसली जाते. अडकलेला प्रोग्रॅम निदान दिसतो. पण ४० फूट गाठल्याची नोंदच पुसली गेली, तर कुणाला पत्ताही लागणार नाही. मला हा धोका अधिक गंभीर वाटतो. उलट, आलेख मध्येच बंद केला, तर न वाचलेल्या स्लॉटमधला त्याचा वाटा कुणीच वजा करत नाही आणि पुन्हा १ शिल्लक राहतो.

म्हणून प्रत्येक स्लॉटमध्ये मोजणी ठेवण्याची रचनाच सोडून द्यावी, असे मी सुचवेन. रायटरने आजवर लिहिलेल्या नोंदींचा ६४ बिटांचा क्रमांक ठेवावा आणि प्रत्येक रीडरने आपण कुठवर वाचले, तो क्रमांक स्वतंत्र ठेवावा. चालू रीडरपैकी सर्वांत मागे असलेल्याचा क्रमांक रायटरच्या क्रमांकातून वजा करून उत्तर ६४ पेक्षा कमी आले, तरच जागा आहे. नवा रीडर रायटरच्या त्या क्षणीच्या क्रमांकापासून सुरुवात करतो आणि जाताना यादीतून आपले नाव काढतो. जुन्या स्लॉटचा हिशेब कुणाच्याच गळ्यात राहत नाही. सेकंदाला दहा लाख नोंदी झाल्या, तरी ६४ बिटांचा क्रमांक संपायला पाच लाखांहून अधिक वर्षे लागतील.

हे सारे क्रमांक आणि रीडरची यादी एकाच म्यूटेक्सखाली ठेवावी. नदीची पातळी नोंदवण्यासाठी लॉकशिवायची अवघड रचना करण्याची मुळीच गरज नाही. म्यूटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल (अट पुरी होईपर्यंत प्रोसेसला झोपवून ठेवणारी सोय) या दोन्हींना ‘प्रोसेस-शेअर्ड’ हा, वेगवेगळ्या प्रोसेसना ते वापरू देणारा, गुणधर्म द्यावा. थांबण्याची अट ‘इफ’मध्ये न घालता ‘व्हाइल’मध्ये घालावी, कारण कारणाशिवायही जाग येऊ शकते. रीडरने नोंदीची प्रत पूर्ण काढून झाल्यावरच आपला क्रमांक पुढे न्यावा.

एक प्रश्न तरीही उरतो. एखादा रीडर अचानक मारला गेला, तर त्याचा क्रमांक जागीच राहतो आणि रायटर पुन्हा अडकतो. लॉक धरणारा मेल्याचे पुढच्याला कळवणाऱ्या ‘रोबस्ट’ म्यूटेक्सचा उपयोग तो रीडर लॉक धरून मेला असेल तेव्हाच होतो. माझ्या मते आलेखासाठी रायटरने थांबूच नये. आलेख ६४ नोंदींहून मागे पडला, तर त्याला पुढे ढकलावे आणि किती नोंदी हुकल्या ते त्याला कळवावे. संदेशाच्या रीडरसाठी मात्र मुदत ठरवून थांबावे आणि ती उलटल्यास मोठ्याने तक्रार नोंदवावी.

प्रश्न : असे दोष पुन्हा चालवून पाहिले की दिसत नाहीत. ते पकडायचे कसे?
– एक वाचक, कराड, जि. सातारा

उत्तर : बफर ६४ ऐवजी २ स्लॉटचा करा, म्हणजे रायटर सतत रीडरच्या मागे लागेल. प्रत्येक नोंदीत क्रमांक लिहा आणि रीडरमध्ये तो सलग आहे का, हे ‘असर्ट’ने (अट खोटी ठरली की प्रोग्रॅम थांबवणाऱ्या तपासणीने) तपासा. रीडर वारंवार सुरू-बंद करत राहा. याखेरीज रायटर आणि रीडर एकाच प्रोसेसमधील थ्रेड (समांतर चालणारे भाग) म्हणून चालवून जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरचा थ्रेड सॅनिटायझर, म्हणजे एकाच मेमरीवरची थ्रेडमधली स्पर्धा पकडणारे साधन, लावा. वेगवेगळ्या प्रोसेसमधील स्पर्धा त्याला दिसत नाही, म्हणून चाचणीपुरता हा बदल करावा लागतो.