‘आधी त्यानं मारलं, लाल कार्ड मात्र आम्हाला’

फुटबॉलबद्दल या वेळी आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: इतर कॉलेजांशी बरी खेळणारी पोरं शेजारच्या कॉलेजशी मॅच पडली की लाथाळीवर येतात. मिळतेजुळते प्रश्न एकत्र घेतले आहेत. कॉलेजांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : फायनलला समोरच्या मिडफिल्डरनं तासभर आमच्या पोराचा शर्ट ओढला, घोट्यावर पाय दिला, कॉर्नरच्या वेळी चिमटे काढले. रेफरीनं काही दिलं नाही. ७०व्या मिनिटाला आमच्या पोरानं त्याला ढकललं आणि मग तोंडावर हात मारला. सरळ लाल कार्ड! हा कुठला न्याय?
(कॉलेज खेळाडू, रत्नागिरी जिल्हा)

तुमचा राग समजतो, पण कार्ड बरोबर आहे. चेंडूसाठी झटापट चालू नसताना कुणाच्या डोक्यावर किंवा तोंडावर मुद्दाम हात मारला, तर तो हिंसक वर्तनाचा गुन्हा. मार अगदीच नगण्य असेल तरच लाल कार्ड टळतं. आधी काय घडलं, हे त्यात धरलं जात नाही. नुसतं ढकलून तो थांबला असता, तर बहुधा पिवळ्यावर भागलं असतं.

पहिला मार सुटतो आणि दुसरा सापडतो, याला कारण आहे. शर्ट ओढणं, पाय देणं हे चेंडूजवळच्या गर्दीत, अर्ध्या सेकंदात उरकतं. बदला उशिरा येतो, मोकळ्यावर येतो आणि तोवर आरडाओरडीनं सगळ्यांच्या माना तिकडे वळलेल्या असतात. त्यात कॉलेजच्या मॅचला लाईनवर यजमानांचाच एखादा विद्यार्थी झेंडा घेऊन उभा असेल, तर तो चेंडू बाहेर गेला की नाही एवढंच सांगणार. २००६च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ११०व्या मिनिटाला फ्रान्सच्या झिदाननं इटलीच्या मातेराझीच्या छातीत डोकं मारलं, ते मैदानावरच्या रेफरीनं पाहिलं नव्हतं. चौथ्या पंचानं कळवलं. डिवचणारा मातेराझी मैदानात राहिला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये गोल करून गेला. मारणारा ड्रेसिंग रूममध्ये होता.

मग करायचं काय? रेफरीला सांगायचं, पण त्याचीही रीत आहे. अकरा जणांनी घेराव घातला की रेफरी कान बंद करतो, वर निषेधाबद्दल पिवळं कार्ड काढतो. एकट्या कॅप्टननं जावं, खेळ थांबलेला असताना, आणि घडण्याआधी सांगावं: ‘सर, त्यांचा ६ नंबर कॉर्नरला आमच्या ९ नंबरचा शर्ट धरतो, जरा बघा.’ नंबर, जागा, कृती, बस्स. ‘सर, ते घाण खेळतायत’ यातून रेफरीला बघण्यासारखं काहीच मिळत नाही. नेमकं सांगितलं तर पुढच्या कॉर्नरला तो उभं राहायची जागा बदलतो, आणि एकदा त्याची नजर बसली की ६ नंबरचा हात आपोआप आवरतो. ज्याला त्रास होतोय त्या पोराला कोचनं पाच मिनिटं दुसऱ्या बाजूला खेळवावं. चिडवणाऱ्याला त्याच्या मागे जायचं तर आपली जागा सोडावी लागते, आणि तीच फट तुमच्या उपयोगाची.

आणखी एक गैरसमज पत्रात दिसला. ‘रेफरीनं फाऊल सोडला’ असं वाटतं तिथं पुष्कळदा त्यानं ॲडव्हान्टेज दिलेला असतो, म्हणजे ज्याच्यावर फाऊल झाला त्याच्याच टीमचा फायदा चालू आहे म्हणून शिट्टी मारलेली नसते. दोन्ही हात पुढे काढून खेळ चालू ठेवला, तरी बेदरकार फाऊलचं पिवळं कार्ड तो पुढे खेळ थांबल्यावर दाखवू शकतो.

प्रश्न : एरवी मॅचला आमच्या टीमला एखादं कार्ड मिळतं. या एका कॉलेजसमोर मात्र चार-पाच. भाषणं देऊन झाली, दमदाटी करून झाली. सरावात काय करावं?
(जिमखाना प्रमुख, सिंधुदुर्ग जिल्हा)

भाषणं बंद करा आणि आधी वही उघडा. मागच्या दोन-तीन मॅचच्या प्रत्येक फाऊलसमोर चार गोष्टी लिहा: मिनिट, मैदानातली जागा, करणारा कोण आणि त्याआधी चेंडू कुणी गमावला. बहुतेक टीमच्या वहीत एकच चित्र निघतं. स्वतः चेंडू गमावलेला खेळाडू पुढच्या दोन-तीन सेकंदांत, पाठीमागून, दमलेल्या पायानं टॅकल घालतो. त्याला आपण ‘खुन्नस’ म्हणतो. खरं तर तो अर्धं पाऊल उशिरा पोचलेला असतो. चुरशीच्या मॅचला पोरं पहिली वीस मिनिटं जीव तोडून पळतात, म्हणून हे उशिरा पोचणं वाढतं.

आपली मैदानंही त्याला हातभार लावतात. जांभ्याच्या कडक जमिनीवर बारीक खडी सुटलेली असते. तिच्यावर थांबायला एक पाऊल जास्त लागतं. गवताच्या सवयीनं अंगावर जाणारा बचावपटू ब्रेक लागेपर्यंत समोरच्याच्या पायावर चढलेला असतो. म्हणून अशा मैदानावर चेंडूवाल्यापासून हातभर नव्हे, दोन पावलं लांब थांबायला शिकवा: अंग तिरकं, गुडघे वाकलेले, नजर चेंडूवर, आणि त्याला लाईनकडे ढकलत न्यायचं. खरवडणाऱ्या जमिनीवर स्लाइड टॅकल (घसरत जाऊन चेंडू काढणं) पूर्ण बंद. मांडीपासून कमरेपर्यंत कातडं सोलवटतं, आणि सोलवटलेला पोरगा पुढची अर्धी मॅच चिडलेला असतो.

सरावाला १० बाय १० मीटरच्या चौकोनात एकास एक खेळवा. बचावपटूच्या दोन्ही हातांत एकेक टेनिस बॉल द्या; मुठी बंद राहिल्या की शर्ट धरता येत नाही. दर फेरी ३० सेकंदांची, मध्ये मिनिटभर विसावा, एकेकाला सहा फेऱ्या. पहिल्या दिवशी टेनिस बॉल टपाटप खाली पडतील. कोण किती शर्ट ओढतो, हे त्याचं त्यालाच तेव्हा कळतं.

त्यानंतर ३० बाय २० मीटरमध्ये पाच विरुद्ध पाच, नियम एकच: मागून फाऊल केला किंवा शिट्टीवर वाद घातला की दोन मिनिटं बाहेर, टीम चौघांची. शिट्टी तुम्ही मारा आणि अधूनमधून जाणूनबुजून चुकीची मारा. चुकीच्या शिट्टीनंतर तीन सेकंदांत आपल्या जागेवर परतणं, हाही सरावच आहे. हे सगळं सरावाच्या शेवटी, पाय दमल्यावर घ्या. ताज्या पायांनी सगळेच शिस्तीत खेळतात.

मॅचच्या दिवशीचं गणित वेगळं. पोरांना गावाकडची शेवटची एसटी गाठायची असते म्हणून मॅच भर दुपारी लागते. घामट हवेत डोकं लवकर तापतं. थंडाव्यासाठी दीड ते तीन मिनिटांची विश्रांती नियमात बसते, फक्त स्पर्धेच्या नियमावलीत ती असायला हवी. ड्रॉच्या (कोण कुणाशी खेळणार हे ठरवायच्या) बैठकीतच मागून घ्या. आणि पहिल्या हाफमध्ये पिवळं खाल्लेल्या फुलबॅकसमोर (कडेच्या बचावपटूसमोर) त्यांचा सर्वांत वेगवान विंगर (कडेनं हल्ला करणारा) असेल, तर हाफटाइमला फुलबॅक बदला. तो कितीही चांगला असला तरी. इथं बरेच कोच भिडेखातर गप्प बसतात, आणि ६०व्या मिनिटाला दुसऱ्या पिवळ्यापायी दहा जणांवर येतात.

प्रश्न : राडा सुरू झालाच, तर कोणी काय करायचं?
(कॅप्टन, चिपळूण)

राडा पहिल्या दोघांमुळे वाढत नाही. धावत येणाऱ्या तिसऱ्या-चौथ्यामुळे वाढतो. नियम आधीच ठरवून ठेवा: प्रत्येकानं फक्त आपल्या माणसाला धरायचं, समोरच्याला बोटही लावायचं नाही. कॅप्टननं दोघांच्या मध्ये शिरावं, पाठ समोरच्या टीमकडे आणि तोंड आपल्या पोराकडे, आणि त्याला छातीनं मागे रेटत दहा-पंधरा मीटर न्यावं. गोलकीपर आपल्या जागेवर. बेंचवरच्यांनी बसून राहायचं. परवानगीशिवाय मैदानात आलेल्या राखीव खेळाडूलाही पिवळं कार्ड आहे. २०१९पासून कोच आणि बाकीच्या पदाधिकाऱ्यांनाही कार्डं दाखवतात. बेंचवरून शिवी आली आणि देणारा सापडला नाही, तर कार्ड तिथं हजर असलेल्या मुख्य कोचला. लाल कार्ड मिळालेल्यानं मैदानाच्या आसपासही थांबायचं नाही. बेंचमागच्या गडग्यावर बसून सूचना देणं चालत नाही. टीम सातपेक्षा खाली गेली तर मॅच पुढे चालत नाही.

प्रश्न : शेवटचा माणूस (गोलकीपरआधीचा शेवटचा बचावपटू) म्हणून फाऊल करून गोल वाचवणं ही हुशारी नाही का?
(वाचक, मालवण)

कधीकधी हिशेब जमतो, बहुतेकदा फसतो. नियमात ‘शेवटचा माणूस’ असा शब्दच नाही. रेफरी चार गोष्टी बघतो: गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात राहण्याची शक्यता, आणि बचावपटू किती व कुठे आहेत. चारही जुळून गोलची स्पष्ट संधी हिरावली गेली, तर पेनल्टी क्षेत्राबाहेर (गोलसमोर आखलेल्या मोठ्या चौकोनाबाहेर) लाल कार्ड. क्षेत्राच्या आत खरोखर चेंडूसाठी गेला असेल तर पेनल्टी आणि पिवळं. शर्ट धरला, ढकललं तर पेनल्टी आणि लालही. नुसता चांगला हल्ला मोडला तर पिवळं. आणि हे लक्षात असू द्या: क्षेत्राबाहेर धरलेला शर्ट आत शिरेपर्यंत सोडला नाही, तर पेनल्टीच. २०व्या मिनिटाला एक गोल वाचवून ७० मिनिटं दहा जणांनी खेळणं, याला आम्ही तरी हुशारी म्हणणार नाही.

प्रश्न : प्रेक्षक लाईनला खेटून उभे राहतात, लाईनमनला शिव्या घालतात. आयोजक म्हणून आम्ही काय करावं?
(विद्यार्थी प्रतिनिधी, रायगड जिल्हा)

साइडलाईनपासून किमान तीन मीटरवर सुंभाची दोरी बांधा आणि तिच्याखाली चुन्याची रेघ मारा; दोरी सैल पडते, रेघ हलत नाही. दोन्ही कॉलेजांचे पाठीराखे मैदानाच्या समोरासमोरच्या लांब बाजूंना बसवा, गोलमागे कुणालाच नको. ढोल-ताशे चालतील, माइक नको. दर बाजूला त्या त्या कॉलेजचेच चार स्वयंसेवक ठेवा. आपल्या पोरांना आपलाच सीनियर आवरू शकतो, पाहुण्यांना यजमानांनी दटावलं की भडका उडतो. प्रेक्षकांना कार्ड नसतं, पण त्यांच्यापायी रेफरी मॅच थांबवू शकतो, रद्दही करू शकतो. त्यानंतर निकालाचं काय, हे स्पर्धेच्या नियमावलीत आधीच लिहून ठेवा. तोंडी ठरवलं की दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये भांडण.

जाता जाता, कार्डांचा जन्मही अशाच एका मॅचच्या अनुभवाशी जोडलेला आहे. १९६२च्या वर्ल्ड कपमधली चिली-इटली मॅच इतकी मारामारीची झाली की पोलिसांना मैदानात यावं लागलं. त्या मॅचचे रेफरी केन ॲस्टन. पुढे पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना त्यांनाच सुचली आणि १९७०च्या वर्ल्ड कपमध्ये ती पहिल्यांदा आली.

प्रश्न : हातातला गंडा आणि कानातली बाळी काढायला लावली. देवाचा गंडा आहे, चिकटपट्टी लावून चालेल का?
(खेळाडू, वेंगुर्ला)

नाही. दागिने, कडं, रबरबँड काहीच चालत नाही, आणि वर टेप लावून झाकणंही नियमानं मना आहे. कड्यानं समोरच्याचा ओठ फुटतो, बाळी शर्टात अडकून स्वतःचा कान फाटतो. गंडा मॅचपुरता सोडून घरच्यांकडे द्या. शिनगार्ड (नडगीचं कवच) मात्र सक्तीचे, मोज्याच्या आत, आणि ते पुठ्ठ्याचे कापून बनवलेले असतील तर रेफरीनं बाहेर बसवलं म्हणून रागावू नका.