तुझा केसपेपर दुसऱ्याच्या हातात दे

बेटा,

परवा ओपीडी आटोपून तू चोपड्याहून आलास, चहाला हात लावला नाहीस आणि तासभर एकच विचारत बसलास, "सर, कुणाला कळणार तर नाही?" ट्रमाडॉल, ते सवय लावणारं वेदनाशामक, किती घेतोस ते मात्र जाताना, बूट घालता घालता सांगितलंस. आधी ते बोलायचं होतं रे.

कळेल. एका मानसोपचारतज्ज्ञाला कळलंच पाहिजे. तुझा केसपेपर दुसऱ्याच्या हातात दे. डोस कमी करायचं तुझं कोष्टक पाहिलं, अक्षर सुरेख आहे. असंच मी फोर्टविनचं, माझ्या वेदनाशामक इंजेक्शनच्या व्यसनाचं, केलं होतं, तीनदा. नाक गळायला लागलं, जांभया सुरू झाल्या, अंगावर काटा आला की डॉक्टरही मीच आणि पेशंटही मीच. डोस वाढवायला विचारायचं कुणाला? शेवटी कंपाउंडरने रिकाम्या अँप्युल मोजून टेबलावर मांडल्या. "साहेब, आते पुरे," एवढंच म्हणाला.

ट्रमाडॉलने झटके येतात हे पेशंटला सांगतोस, स्वतःला कोण सांगणार? म्हणून म्हणतो, केसपेपर दुसऱ्याकडे.

कायद्याची भीती घालून घेऊ नकोस. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं, आणि कलम 23 प्रमाणे मोजके अपवाद सोडले तर तुझी माहिती उपचार करणाऱ्याला गुप्त ठेवावी लागते. ट्रमाडॉल 2018 पासून एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, आहे, खरं. पण त्याच कायद्याचं 64अ कलम स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्याला सेवनाच्या खटल्यातून मोकळीक देतं. उपचार अर्धवट टाकून पळालास तर ती जाऊ शकते.

जळगावात नको वाटत असेल तर महाराष्ट्र एक्सप्रेस पकड, पुण्याला जा. मी गेलो तेव्हा बायकोला खरं सांगितलं, बाकीच्यांना 'ट्रेनिंग'. खोटंच ते. पण आजही मला त्याची लाज वाटत नाही; आपल्याकडे बातमी गाडीच्या आधी भुसावळला पोचते. लाज वाटते ती त्याआधीच्या दोन वर्षांची. माझ्या हातून कुणाचं वाईट झालं नाही, असं सांगत आलो. ती जुनी रजिस्टरं मात्र कधी उघडली नाहीत.

पंधरा दिवस तुझी ओपीडी मी येऊन-जाऊन सांभाळतो. कोष्टक फाडू नकोस, तिथल्या डॉक्टरांना दाखव. आणि औषधाच्या कपाटाची किल्ली आजच सिस्टरकडे दे.