दप्तरात सापडलेला डिटोनेटर आणि गप्प झालेला मुलगा

रेल्वेच्या दुहेरी मार्गालगत राहणारं कुटुंब. मुलगा पाचवीत. आईला त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात पत्र्याची चपटी गोल डबी मिळाली, दोन्ही बाजूंना वाकवायच्या पट्ट्या असलेली. शेजारच्या निवृत्त ट्रॅकमननी, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या कामगाराने, ती रुळावर लावायचा स्फोटक डिटोनेटर म्हणून ओळखली, कुणाला हात लावू दिला नाही आणि पोलीस बोलावले. संध्याकाळी वडिलांनी मुलाला चांगलंच बदडलं. त्यानंतर तो रुळांविषयी एक शब्द बोलेना. माझ्याकडे आल्यावर आईचा प्रश्न असा: "मारलं म्हणून घाबरलाय, पण पुन्हा जाणार नाही याची खात्री कशी धरायची?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

खात्री धरता येत नाही. माराने मूल रुळावर जायचं थांबेलच असं नाही, सांगायचं मात्र थांबतं. या घरात तेच झालं होतं. एकट्याने बोलल्यावर मुलाने सांगितलं की डबी चार दिवस दप्तरात होती. वर्गात दोघांना दाखवली होती, एकाने दगडाने ठेचून बघू म्हटलं होतं. घरी कळलं तर मार बसेल, म्हणून घरीच सांगितलं नाही. धोका सगळ्यात जास्त होता तो या चार दिवसांत.

ती वस्तू काय, हे आधी आईवडिलांना नीट समजावं लागलं. रेल्वेत तिला डिटोनेटर किंवा नुसतं फटाका म्हणतात. 1841 साली एडवर्ड आल्फ्रेड कूपर या इंग्रज अभियंत्याने ती शोधली आणि आजही ती वापरात आहे. पत्र्याच्या आत दाबाने फुटणारी दारू असते. पट्ट्या रुळाच्या माथ्याभोवती वळवून ती बसवतात, चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि चालक सावध होतो. पुढे मार्ग अडला असेल तर ब्रॉडगेजवर (रुंद रूळमार्गावर) अडथळ्यापासून 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन लावतात. दाट धुक्यात सिग्नलच्या अलीकडे किमान 270 मीटरवर दोन. उत्तरेत धुक्यामुळे त्यांचा वापर जास्त. आपल्याकडे त्या मुख्यतः आणीबाणीसाठी गेटमन, कीमन (रूळ तपासत फिरणारा कामगार), गस्तवाले आणि गार्ड यांच्याजवळ असतात. पट्टी नीट वळली नाही तर डबी न फुटता खडीत घसरून पडू शकते. तिचं आयुष्य काही वर्षं धरतात, चाचणी घेऊन वाढवतातही. म्हणून गंजलेली, चेपलेली डबी निकामी असेल असं कधीच समजू नये.

वडिलांचं म्हणणं होतं, "आवाजाचाच तर फटाका आहे." आवाज हा त्यातला कमी धोक्याचा भाग. दगडाने ठेचली की पत्र्याचे तुकडे उडतात, आणि ठेचणारं मूल वाकून बघत असतं. त्यामुळे इजा होते ती डोळ्याला, बोटांना, चेहऱ्याला. डोळ्यात तुकडा गेला असेल तर चोळायचं नाही, काढायचा नाही, पाणी मारायचं नाही. कागदी पेला दाब न देता डोळ्यावर धरून थेट रुग्णालय. हाताला रक्त असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरायचं. कानात घणघण राहिली तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे.

मग मुलाशी ठरलं ते असं. अशी डबी दिसली तर उचलायची नाही, पायाने ढकलायचीही नाही. जागा लक्षात ठेवून मागे फिरायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. हातात असेलच तर फेकायची नाही. हलकेच मातीवर ठेवायची, सगळ्यांनी लांब जायचं. मोठ्यांनी 139 किंवा 112 ला फोन करून "रुळावरचा डिटोनेटर सापडलाय" एवढं आणि जागा सांगायची. कचरापेटी, पाण्याची बादली, चूल यांपैकी कुठेही नाही. दुचाकीवरून स्टेशनात नेऊन देणंही नाही, प्रामाणिक माणसं नेमकं तेच करायला जातात.

आईवडिलांनी मुलासमोर वेगळं वचन दिलं: सापडल्याचं सांगितलं तर शिक्षा नाही, रुळावर का गेलास हा प्रश्नही त्या दिवशी नाही. वडिलांना हे पटायला दोन भेटी लागल्या. मुलाला डबीचं चित्र दाखवलं तर कुतूहल वाढेल, ही त्यांची भीती होती. कुतूहल आधीच होतं, ओळख तेवढी नव्हती.

खरी गोम तिसऱ्या भेटीत निघाली. मुलगा रुळाकडे खेळायला जातच नव्हता. फाटक बंद असलं की शाळेला उशीर होतो, उशिराला वर्गाबाहेर उभं करतात, म्हणून तो खालून वाकून जायचा. सोबत मोठी माणसंही जायची, अधूनमधून आईसुद्धा. एक गाडी गेली की तिच्याआड दुसऱ्या मार्गावरची दिसत नाही. शिवाय एवढी मोठी वस्तू समोरून येताना हळू येते असं वाटतं, ही चूक मोठ्यांचीही होते. दहा वर्षांच्या मुलाला वेगाचा अंदाज आणखी कमी. विनापरवाना रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, पण मुलाला कलम सांगून काही होत नाही. घरून पंधरा मिनिटं आधी निघणं आणि फाटकामुळे झालेल्या उशिराला शिक्षा नको अशी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी, या दोन गोष्टींनी फरक पडला. आईने स्वतः वाकून जाणं सोडणं ही तिसरी आणि अवघड. ती अजून कधी कधी जाते, असं मुलगाच सांगतो.

शेवटी आईने विचारलं, त्याला गेटमनकडे नेऊन सगळं दाखवावं का. कामावर असलेल्या गेटमनला प्रश्न विचारत उभं राहणं बरं नाही, त्याचं लक्ष गाडीवर हवं. शाळेने रेल्वे सुरक्षा बलाच्या जवळच्या ठाण्याला पत्र देऊन वर्गातच माहिती मागवावी, आणि ज्या दोघांना डबी दाखवली होती त्यांच्या घरीही हे सांगावं.