बारा तारा, एक सूर

बारा तारांच्या गिटारच्या सगळ्या तारा एकदम छेडून सूर लावायला जाऊ नकोस, गोंधळच होईल. तारा दोन-दोनच्या सहा जोड्यांत असतात. जोडीतली एक तार बोटाने मुकी कर, दुसरी ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) लाव. मग पहिली तिच्याशी कानाने जुळव. दोघींमधली थरथर मंदावत थांबली की जमलं. सूर चढला तर नुसता उतरवू नकोस, जरा खाली जाऊन पुन्हा वर ये. खुंटी फिरवताना ‘टिक्’ वाजलं तर तार नटच्या (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकतेय; तिथे पेन्सिलचं शिसं घास. ‘जी’ (G) सुराच्या जोडीतली बारीक तार सगळ्यात आधी तुटते, जादा ठेवच. बऱ्याच इलेक्ट्रिक मॉडेल्सना ब्रिजवर, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या आधारावर, सहाच सॅडल (तार टेकते ते सरकते तुकडे) असतात, जोडीला एक; दोन्ही तारांची लांबी वेगवेगळी जुळवता येत नाही. म्हणून वरच्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांवर) किंचित बेसूर राहणारच, त्यापायी खुंट्या पिळत बसू नकोस.