अमेरिकन खेळाडू मॉरीन कॉनोलीने 19व्या वर्षी टेनिस का सोडलं? लग्नासाठी की पैशासाठी?

दोन्ही नाही, अपघातामुळे सोडावं लागलं. जुलै 1954 मध्ये तिसरं विम्बल्डन जिंकून तीन आठवडेही झाले नव्हते, सॅन दिएगोत घरी आलेली, घोड्यावरून फिरायला गेली आणि काँक्रीट मिक्सरचा ट्रक जवळून गेला तसा घोडा बिचकला, तिचा उजवा पाय ट्रक आणि घोड्याच्या मधे सापडला. हाड मोडलंच पण पोटरीचे स्नायूपण फाटले आणि तिचा गेम तर सगळा बेसलाइनवर (कोर्टच्या मागच्या रेषेवर) पळण्याचा, मग संपलंच की. आधीच्याच वर्षी चारही ग्रँड स्लॅम (टेनिसच्या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धा) एका वर्षात जिंकणारी ती पहिली बाई, त्या चार स्पर्धांत मिळून फक्त एक सेट हरली होती!

पैशाचं जे म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. नंतर नुकसानभरपाईची केस झाली (95,000 डॉलर मिळाले), त्यात आलं की ती 1954 ची अमेरिकन स्पर्धा खेळून प्रोफेशनल, म्हणजे पैसे घेऊन खेळणारी, होणारच होती. आणि तेव्हा प्रो झालं की विम्बल्डनसकट चारही ग्रँड स्लॅम बंद, 1968 पर्यंत हाच नियम. म्हणजे अपघात नसता तरी तिच्या 9 सिंगल्स स्लॅमचे फार तर 10 झाले असते, 20-22 वगैरे लोक लिहितात ते काय पटत नाही.