ईद नक्की कधी, फितरा किती आणि केतुपात का फुटतं?

प्रश्न : कॅलेंडरमधली तारीख पाहून ईदची रजा टाकली आणि ईद दुसऱ्याच दिवशी झाली. हे आधी कळायला काही मार्ग नाही का?

रमजान ईदच्या बाबतीत नाही. हिजरी (इस्लामी चांद्र) महिना 29 किंवा 30 दिवसांचा असतो आणि तो कितीचा ठरणार हे 29 तारखेच्या संध्याकाळी कळतं. चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा. तुर्कस्तानात खगोलगणितावरून तारखा आधीच जाहीर होतात. इतर बऱ्याच देशांत मात्र चंद्र दिसल्याची साक्ष लागते. त्यामुळे एकाच कुटुंबातल्या दोन भावांची ईद दोन देशांत दोन दिवशी होऊ शकते. आपण ज्या मशिदीत नमाज पढतो, तिचा निर्णय पाळावा. फोनवर वाद घालून चंद्र दिसत नाही.

रजेच्या अर्जात मात्र 'या दोनपैकी एक दिवस' असं आधीच लिहावं. बकरी ईद या बाबतीत सोपी आहे. ती जिल्हज या हिजरी महिन्याच्या 10 तारखेला येते, म्हणून महिन्याचा चंद्र दिसला की पुढे नऊ-दहा दिवस हातात असतात. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं असल्यामुळे सगळे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. 2030 मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.

प्रश्न : फितरा (रमजान ईदआधी गरजूंना द्यायचं दान) नक्की किती द्यायचा? तान्ह्या बाळाचाही द्यायचा का?

बाळाचाही द्यायचा. आजारपणामुळे ज्यांनी रोजे धरले नाहीत, त्यांचाही. मूळ माप एक 'साअ', म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या चार ओंजळी. धान्यानुसार हे वजन अडीच ते तीन किलोच्या आसपास भरतं. इंडोनेशियात माणशी अडीच किलो तांदूळ हे माप रूढ आहे. हनफी (सुन्नींच्या चार पंथांपैकी एक) मतानुसार गहू दिला तर अर्धा साअ पुरतो, खजूर किंवा जव असेल तर पूर्ण. धान्याऐवजी तेवढी रक्कम देणं हनफी पंथात चालतं, बाकीचे तीन सुन्नी पंथ धान्यावर भर देतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती वेळेत. फितरा ईदच्या नमाजाआधी गरजूंच्या हातात पडायला हवा, कारण त्याच दिवशी त्यांच्या घरी चूल पेटावी हाच त्याचा हेतू. ईदगाहच्या दारात घाईघाईने डब्यात टाकलेले पैसे त्या सकाळी कुणापर्यंत पोचणार? दोन-तीन दिवस आधी देऊन मोकळं व्हावं.

प्रश्न : परदेशात ईदच्या नमाजात माझ्या तकबिरी ('अल्लाहू अकबर'चे उच्चार) चुकल्या. शेजारचे हात उचलत होते आणि मी रुकूत (कमरेत वाकून) गेलो!

पंथ बदलला की संख्या बदलते. हनफी पद्धतीत (तुर्कस्तान, मध्य आशिया) पहिल्या रकातीत (नमाजाच्या फेरीत) कुराणपठणाआधी तीन जादा तकबिरी, दुसऱ्या रकातीत पठणानंतर तीन, आणि चौथ्या तकबिरीला रुकू. तुमच्यासारखी चूक इथेच होते. शाफई पद्धतीत (इंडोनेशिया, मलेशिया) सात आणि पाच, दोन्ही वेळा पठणाआधी. मोरोक्कोच्या मालिकी पद्धतीत सहा आणि पाच. मोजत बसू नका, इमामच्या मागे चला. या नमाजाला अजान नसते आणि खुतबा (इमामचं प्रवचन) नमाजानंतर असतो, तेव्हा शेवटचा सलाम फिरवून नमाज संपल्या संपल्या उठू नये.

प्रश्न : इंडोनेशियन पद्धतीचं केतुपात केलं. काही फुटली, काहींचा आत लगदा झाला. कुठे चुकलं?

दोन्हींचं मूळ एकच : भरण्याचं प्रमाण. केतुपात म्हणजे नारळाच्या कोवळ्या, पिवळसर पात्यांची विणलेली चौकोनी पिशवी. तांदूळ आत फुगतो आणि जागा संपली की एकमेकांवर दाबला जातो. तो दाबच त्याची घट्ट वडी बनवतो. पिशवी अर्ध्याहून किंचित जास्त भरावी, दोन तृतीयांशापुढे जाऊ नये. जास्त भरली तर वीण उसवते किंवा मधला दाणा कच्चा राहतो. कमी भरली तर दाबच तयार होत नाही आणि लगदा होतो.

तांदूळ आखूड किंवा मध्यम दाण्याचा घ्यावा, धुऊन पूर्ण निथळावा. उकडा तांदूळ नको, त्याचे दाणे एकजीव होत नाहीत. पिशव्या पाण्यात पूर्ण बुडवून चार ते पाच तास उकळाव्यात. पाणी आटलं की उकळतंच पाणी वाढवावं. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि वरची केतुपात अर्धीकच्ची राहतात. शिजल्यावर गार पाण्याने धुऊन टांगून ठेवावीत. हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि मग संध्याकाळी केतुपात आंबलं म्हणून तक्रार करतात. पाणी निथळलं नाही तर ते आंबणारच.

कोवळी पाती मिळत नसतील तर तोच तांदूळ केळीच्या पानाच्या नळकांडीत शिजवा. त्याला लोंतोंग म्हणतात, चव जवळपास तीच. जावामध्ये तर केतुपातची खरी मेजवानी बऱ्याच ठिकाणी ईदनंतर आठवड्याने, शव्वालचे (रमजाननंतरच्या महिन्याचे) सहा रोजे संपवून होते. तेव्हा ईदला बिघडलं तरी अजून वेळ आहे.

प्रश्न : कुर्बानीचं मटण लगेच फ्रीझरमध्ये टाकलं तर चिवट होतं. का?

कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि मग हळूहळू सैल पडतात. ते सैल पडण्याआधीच गोठवलं तर चिवटपणा कायम राहतो. मोरोक्कोत म्हणूनच पहिल्या दिवशी मुख्यतः कलेजी खातात. चरबीच्या जाळीदार पडद्यात तिचे तुकडे गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात, त्याला बुलफाफ म्हणतात. बोकड किंवा मेंढा रात्रभर टांगलेला असतो, तोडणी दुसऱ्या दिवशी.

घरी मटणाचे तुकडे ताटांत एका थरात पसरून 0 ते 4 अंशांवर चोवीस तास ठेवा, मग किलो-किलोच्या चपट्या पिशव्या करून गोठवा. गरम मटण पिशवीत ठासून भरलं तर मधला भाग गार होत नाही आणि वास मारतो. वाटणीचं मटण मात्र अडवू नका, ते त्याच दिवशी पोचवा. आणि कातडं कसायाला मजुरी म्हणून देऊ नका, मजुरी वेगळी द्यायची असते.

प्रश्न : मोहरमच्या दहाव्या दिवशी तुर्की शेजारीण गोड पदार्थ घेऊन आली. इराणी सहकाऱ्याला 'मुबारक' म्हटलं तर तो गप्प झाला. असं का?

दिवस एकच, पण त्याचे अर्थ वेगळे. 680 मध्ये याच दिवशी करबला इथे हजरत हुसैन शहीद झाले. शिया घरांत हा शोकाचा दिवस असतो, त्यामुळे 'मुबारक' खटकणारच. सुन्नी परंपरेत या दिवशी रोजा धरतात. तुर्की घरांत नूह पैगंबरांच्या नौकेची आठवण म्हणून 'आशुरे' शिजतं : गहू, छोले आणि पांढरा राजमा रात्रभर भिजवून शिजवायचे, मग सुके अंजीर, जर्दाळू, मनुका घालायच्या आणि साखर अगदी शेवटी. साखर आधी घातली तर कडधान्य शिजत नाही. मोरोक्कोत याच दिवसाच्या निमित्ताने मुलांना खेळणी आणि छोटे ढोल मिळतात.

इराणी घरातून 'नज्री'चं (नवसाचं) जेवण आलं तर घ्यावं, पैसे विचारू नयेत. आणि सहकाऱ्याला म्हणायचंच असेल तर 'तुमची अजादारी (शोक पाळणं) कबूल होवो' एवढं पुरे.