होम थिएटरचा रिसीव्हर नवा आणलाय? आधी एवढंच करा

अभिनंदन! मेनूमधले शंभर पर्याय बघून घाबरू नका, बहुतेकांना सध्या हातही लावायचा नाही.

सगळ्यात आधी वायरी. रिसीव्हरचा प्लग काढूनच जोडा. लाल टोक लालला, काळं काळ्याला, प्रत्येक स्पीकरला. एक जरी उलटं लागलं तरी आवाज पोकळ येतो आणि बास गायब होतो. तांब्याचा एकही सुटा तंतू शेजारच्या टोकाला टेकता कामा नये. नवशिक्यांचे रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतात ते बऱ्याचदा यामुळेच.

मग जागा. ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर) मागचे स्पीकर खरं तर बाजूला, कानांच्या रेषेच्या थोडे मागे हवेत: समोरून मोजल्यास ११० ते १२० अंशांवर. सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, टीव्हीखाली, तोंड कानांकडे. संवाद तिथूनच येतात, म्हणून पैसे वाचवायचे तर इथे वाचवू नका.

आता सोबतचा माइक बसायच्या जागी, कानांच्या उंचीवर ठेवा. पंखा बंद, घरात शांतता, आणि ऑटो कॅलिब्रेशन चालवा, म्हणजे रिसीव्हर माइकने ऐकून स्पीकर आपोआप जुळवतो. माइक सोफ्यावर नुसता टाकून देणं ही नेहमीची चूक. नंतर दोनच गोष्टी तपासा:

- स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ (त्याखालचा बास सबवूफरकडे जातो)
- टीव्हीची केबल 'एआरसी' (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणारं) लिहिलेल्याच एचडीएमआय पोर्टमध्ये, आणि टीव्हीचा ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर (यात बहुधा दोनच चॅनलचा आवाज जातो) अडकलेला नाही ना

रिसीव्हर बंद कपाटात कोंडू नका, तो चांगलाच तापतो. ॲटमॉस (वरूनही येणारा आवाज), बाय-अँपिंग (एका स्पीकरला दोन ॲम्प) वगैरे महिनाभर विसरा. संवाद दबलेले वाटले तर सेंटर २-३ डेसिबल वाढवा, आणि तरीही जमलं नाही तर खोलीची मापं सांगा, पुढचं मिळून बघू.